टेलिमार्केटिंगचे कॉल आणि अमेरिकेतील राज्यांचे कायदे : दावा लावण्याचा हक्क कोणाच्या हाती?

टांपाकर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी आपला क्रमांक केंद्रीय ‘डू नॉट कॉल’ यादीत (विक्रीचे फोन नकोत असे कळवणाऱ्यांच्या यादीत) केव्हाच घातलेला असतो, आणि तरीही गाडीची वॉरंटी वाढवून देणारे, छपरावर सोलर बसवून देणारे आणि मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, नवी योजना समजावून सांगणारे ऐन जेवणाच्या वेळी फोन करायचे थांबत नाहीत. या विषयावर बोलताना आपण बहुधा वॉशिंग्टनच्या कायद्याबद्दलच बोलतो. गेल्या काही वर्षांत खरी हालचाल मात्र राज्यांच्या विधिमंडळांत झाली आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. मी फ्लोरिडात राहतो, म्हणून फ्लोरिडापासून सुरुवात करतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्राचा ग्राहक दूरध्वनी संरक्षण कायदा १९९१ सालचा आहे. त्यातली सर्वांत धारदार तरतूद म्हणजे, बेकायदा कॉल आलेल्या व्यक्तीला स्वतः न्यायालयात जाऊन प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर मागता येतात आणि कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडल्याचे दिसले तर न्यायाधीश ही रक्कम १,५०० डॉलरपर्यंत वाढवू शकतात. राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ यादी २००३ मध्ये आली, पण राज्यांनी तिची वाट पाहिली नव्हती. फ्लोरिडाने १९८० च्या दशकातच स्वतःची यादी करायला घेतली होती आणि त्यानंतर इतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. फ्लोरिडात ही यादी सांभाळते कृषी आणि ग्राहकसेवा खाते. संत्र्यांच्या बागा आणि नकोसे फोन एकाच खात्याकडे का, हे विचारायला गेल्यास आपल्याकडच्या मंत्रालयाची आठवण येते. पण खाते काम करते, एवढे खरे.

१ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फेसबुक विरुद्ध डुगिड’ या खटल्याचा निकाल दिला. डुगिड यांचे फेसबुकवर खातेच नव्हते, तरी त्यांना ‘तुमच्या खात्यात कोणी तरी प्रवेश करण्याचा प्रयत्न केला’ असे संदेश येत राहिले. प्रश्न होता तो १९९१ च्या कायद्याने निर्बंध घातलेला ‘ऑटोडायलर’ म्हणजे नेमके काय, हा. न्यायालयाने एकमताने सांगितले की, जी यंत्रणा यादृच्छिक किंवा क्रमवार अंक निर्माण करणारे साधन वापरून क्रमांक साठवते अथवा तयार करते, तीच ऑटोडायलर. आज कोणतीही विक्री कंपनी मनाला येईल तो क्रमांक फिरवत नाही. ती विकत घेतलेल्या यादीतले क्रमांक संगणकाला देते आणि संगणक ते एकामागून एक लावतो. त्यामुळे या व्याख्येत बसणारी यंत्रणा शोधूनही सापडेना. रेकॉर्ड केलेल्या आवाजावरचे निर्बंध आणि ‘डू नॉट कॉल’ यादीचे नियम कायम राहिले, परंतु ऑटोडायलरच्या आधारावर चालणारे दावे एका दिवसात लंगडे झाले.

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने ही पोकळी तीन महिन्यांत भरून काढली. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दूरध्वनी क्रमांकांची ‘निवड किंवा डायलिंग’ करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने विक्रीचा कॉल अथवा संदेश पाठवायचा असेल, तर त्या व्यक्तीची आधी घेतलेली लेखी संमती आवश्यक ठरली. कॉलची वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी बांधली गेली, आणि तीही कॉल ज्याला जातो त्याच्या घड्याळाप्रमाणे. केंद्राच्या नियमात ती रात्री ९ पर्यंत आहे. एकाच विषयावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक कॉल करण्यास मनाई झाली. फ्लोरिडाचा एरिया कोड असलेला क्रमांक फ्लोरिडातील माणसाचाच आहे असे गृहीत धरले जाऊ लागले आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर गेला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक उल्लंघनामागे किमान ५०० डॉलर, वर वकिलाचा खर्च, आणि हा दावा स्वतः ग्राहकाने लावायचा. आधी तो अधिकार प्रामुख्याने खात्याकडे आणि सरकारी वकिलांकडे होता.

पुढे जे घडले ते अपेक्षितच होते. दाव्यांचा पूर आला, आणि त्यातले पुष्कळसे दावे जेवणाच्या वेळी येणाऱ्या कॉलवरचे नव्हते. कपड्यांच्या, चपलांच्या, पिझ्झाच्या दुकानांनी पाठवलेल्या सवलतीच्या संदेशांवर ते होते. व्यापारी संघटनांनी राज्याच्या राजधानीला, टॅलाहासीला, धाव घेतली, आणि २५ मे २०२३ रोजी कायदा पुन्हा बदलला. ‘निवड किंवा डायलिंग’ याच्या जागी ‘निवड आणि डायलिंग’ आले. वरवर पाहता केवळ एक उभयान्वयी अव्यय बदलले. परंतु आता यंत्रणेने क्रमांक निवडणे आणि लावणे ही दोन्ही कामे स्वयंचलितपणे केली पाहिजेत, तरच ती कायद्याच्या कचाट्यात येते. एखाद्या कर्मचाऱ्याने यादी स्वतः निवडून बटण दाबले की बचाव तयार. शिवाय संदेशांच्या बाबतीत आधी ‘स्टॉप’ असे उत्तर पाठवायचे, १५ दिवस थांबायचे, आणि त्यानंतरही संदेश आले तरच दावा लावायचा, अशी पायरी घातली गेली. ज्या सामूहिक दाव्यांना न्यायालयाने अद्याप तशी मान्यता दिली नव्हती, त्यांनाही हे लागू केले गेले.

‘स्टॉप’ची पायरी मला वाजवी वाटते. व्याख्येतला बदल मात्र नाही, कारण त्याने विजेचे सामान विकणारा प्रामाणिक दुकानदार वाचला त्याहून अधिक प्रमाणात दिवसाला लाखभर कॉल लावणारे वाचले. दंडाचा आकडा कितीही मोठा लिहिला तरी कायदा जिवंत राहतो तो दोन गोष्टींवर : व्याख्या किती रुंद आहे, आणि न्यायालयाचे दार ग्राहकाला स्वतः ठोठावता येते की नाही. इतर राज्यांतील मंडळींचा अनुभव काय आहे?

एडिसनवासी

टांपाकर, विषय सविस्तर मांडल्याबद्दल आभार. न्यू जर्सीचे उदाहरण आपल्या मुद्द्याला उलट बाजूने पुष्टी देते, म्हणून लिहितो.

आमच्याकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर मर्फी यांनी एका विधेयकावर सही केली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ते लागू झाले. वृत्तपत्रांनी त्याला एका जुन्या विनोदी मालिकेचे नाव चिकटवले, त्यामुळे त्याची प्रसिद्धी खूप झाली. त्याचा गाभा असा, की विक्रीचा कॉल करणाऱ्याने पहिल्या ३० सेकंदांत आपण कोण, कोणाच्या वतीने बोलतो आणि काय विकायचे आहे हे सांगितले पाहिजे. हे ऐकायला फार छान वाटते. पण मी कॉल घेतल्यावर ‘नमस्कार, मी मेडिकेअर विभागातून बोलतो’ एवढे म्हणून पलीकडचा माणूस थेट जन्मतारीख विचारू लागला, तर मी नेमके काय करू? राज्याच्या ग्राहकविषयक विभागाकडे तक्रार नोंदवू शकतो. न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली स्वतः दावा लावायचा तर मोजता येण्याजोगे नुकसान दाखवावे लागते, आणि मोडलेल्या जेवणाची किंमत कोणते न्यायालय मोजणार?

गंमत अशी, की न्यू जर्सीचा मूळ ‘नो कॉल’ कायदा कागदावर पुष्कळ राज्यांपेक्षा कडक आहे. मोबाईलवर अनाहूत विक्रीचा कॉल करण्यालाच त्यात मनाई आहे आणि दंडाचे आकडेही पाच अंकी आहेत. पण दंड करायचा तो राज्याने, आणि राज्याकडे माणसे किती व कॉल किती, याचा हिशेब सांगायला नको.

हिशेबनीस

मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. फ्लोरिडात विमा विकणारी एक लहान कचेरी मी चालवतो. माझ्यासह चार माणसे. टांपाकर यांनी लिहिलेला २०२१ ते २०२३ हा काळ आमच्यासारख्यांनी कसा काढला, तेही या धाग्यात यायला हवे.

आमच्या धंद्यात ‘लीड’ विकत घ्याव्या लागतात. म्हणजे विम्याची चौकशी केलेल्या लोकांची यादी. यादी एक्सेलमध्ये येते : नाव, क्रमांक, पिनकोड, आणि शेवटच्या रकान्यात ‘संमती : होय’. त्या ‘होय’च्या मागे एक दुवा असतो. तो उघडला की कुठल्या तरी संकेतस्थळाचा फॉर्म दिसतो; त्याच्या तळाशी राखाडी अक्षरांत लिहिलेले असते की, ‘पुढे जा’ दाबल्यास आमच्या ‘मार्केटिंग भागीदारां’कडून कॉल घेण्यास आपली संमती आहे. भागीदारांवर टिचकी मारली तर शेकडो नावांची जंत्री उघडते, आणि तीत माझ्या कचेरीचे नाव असेलच असे नाही. काही दुवे तर उघडतही नाहीत. कायद्याला मात्र यादी विकणाऱ्याशी देणेघेणे नसते. कॉल माझ्या कचेरीतून गेला, म्हणून नोटीस मला येते.

ती नोटीस वाचण्यासारखी असते. इतके कॉल, गुणिले ५००, जाणूनबुजून म्हणून गुणिले तीन, अधिक वकिलाचा खर्च. आणि शेवटी, अमुक दिवसांत अमुक रक्कम भरल्यास प्रकरण इथेच मिटवू. ती रक्कम आपल्या वकिलाच्या फीपेक्षा थोडी कमीच ठेवलेली असते. कोणीही शहाणा माणूस भरून मोकळा होतो. आपण म्हणता ते ‘न्यायालयाचे दार’ प्रत्यक्षात क्वचितच ठोठावले जाते. दाराबाहेरच व्यवहार होतो. २०२३ ची दुरुस्ती मला म्हणूनच योग्य वाटते.

टांपाकर

हिशेबनीस साहेब, आपण बाजू स्पष्ट मांडलीत हे फार चांगले झाले. तरीही दोन गोष्टींवर माझे मत वेगळे आहे.

पहिली गोष्ट संमतीची. आपण वर्णन केलेली ती राखाडी अक्षरे हाच या साऱ्या धंद्याचा पाया आहे, आणि केंद्रीय दळणवळण आयोगाने नेमके तेच बंद करायला घेतले होते : एका वेळी एकाच विक्रेत्यासाठी संमती, असा नियम केला होता. जानेवारी २०२५ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, आयोगाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन नियम केला असे म्हणत तो रद्द केला. म्हणजे केंद्राकडून ही वाट निदान तूर्त तरी बंद झाली. मग राज्याचा कायदाच उरतो. राज्याने विक्रेत्याला जबाबदार धरले, तरच विक्रेता यादी विकणाऱ्याकडे पुरावा मागतो. आपण स्वतः आता ते दुवे उघडून पाहता, हे कायद्याच्या धाकामुळेच ना?

दुसरी गोष्ट, जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅक्लॉफलिन कायरोप्रॅक्टिक विरुद्ध मकेसन’ या निकालात सांगितले की, १९९१ च्या कायद्याचा आयोगाने लावलेला अर्थ जिल्हा न्यायालयांवर बंधनकारक नाही. मोबाईल संदेश म्हणजे ‘कॉल’ आहे, हेदेखील आयोगाच्याच अर्थावर उभे होते. निकालानंतर काही आठवड्यांतच इलिनॉयमधील एका संघीय न्यायाधीशांनी, ‘डू नॉट कॉल’ नियमांपुरते तरी संदेश म्हणजे कॉल नव्हे, असे ठरवले. इतर काही न्यायालयांनी उलट मत दिले. फ्लोरिडाच्या कायद्यात मात्र संदेशाचा उल्लेख स्पष्ट अक्षरांत आहे आणि तिथे हा वाद उद्भवतच नाही. व्याख्या विधिमंडळाने लिहिलेली असण्याचा हा फायदा.

प्लेनोची मावशी

टेक्सासचे कोणी लिहीत नाही असे पाहून लिहिते. आमच्या राज्याने २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या अगदी उलट दिशेने पाऊल टाकले आहे, आणि टेक्सासच्या विधिमंडळाला ग्राहकाचा कैवारी म्हणण्याची सवय नसल्यामुळे मलाही आश्चर्य वाटले.

सिनेट विधेयक १४० हे १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. टेक्सासमध्ये फोनवरून विक्री करणाऱ्याला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते, हा नियम जुना आहे. २०० डॉलर शुल्क, १०,००० डॉलरची हमी, आणि नोंदणी न करता विक्री केल्यास प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत दंड. नवीन काय, तर ‘फोनवरून विक्री’ या व्याख्येत आता लेखी संदेश, चित्रे आणि चित्रसंदेशही आले. आणि टांपाकरांच्या मुद्द्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, टेलिमार्केटिंगच्या या तरतुदी मोडणे ही आता राज्याच्या फसव्या व्यापारी प्रथांविरुद्धच्या कायद्याखालची फसवणूक ठरते, म्हणून ग्राहकाला त्या कायद्याने मिळणारा दाव्याचा हक्क इथेही मिळतो. त्यापुढे एक वाक्य आहे, ते मला फार आवडले. आशय असा, की एखाद्याने यापूर्वी असे दावे लावून पैसे मिळवले आहेत, एवढ्या कारणावरून त्याची पुढची भरपाई रोखता येणार नाही. ‘हा तर व्यावसायिक दावेकरी आहे’ हा कंपन्यांचा आवडता बचाव विधिमंडळाने जाणूनबुजून काढून घेतला.

सवलतींची यादी लांबलचक आहे, हेही सांगायला हवे. बँका, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, एकाच नावाने किमान दोन वर्षे दुकान चालवणारे किरकोळ विक्रेते, असे अनेक जण नोंदणीतून सुटतात. हिशेबनीस यांच्यासारख्या लहान माणसालाच याचा जाच व्हायचा, असे होऊ शकते. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण रविवारी दुपारी १२ च्या आत विक्रीचा फोन करायचा नाही असा टेक्सासचा नियम आहे आणि सकाळी पूजेच्या वेळी फोन वाजला की ती सहानुभूती जरा कमी होते.

वऱ्हाडी वकील

नागपुराहून लिहितो. अमेरिकेत वकिली केलेली नाही, पण दूरसंचाराचे कायदे हा माझ्या वाचनाचा विषय आहे. दोन मुद्दे मांडतो.

केंद्राचा कायदा असताना राज्ये त्याच विषयावर कायदा कशी करू शकतात, हा प्रश्न इथे कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर १९९१ च्या कायद्यातच आहे. राज्याने आपल्या हद्दीतील कॉलवर अधिक कडक निर्बंध घातले, किंवा स्वयंचलित डायलर आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर बंदी घातली, तर केंद्रीय कायद्यामुळे ते रद्द होत नाहीत, असे कलम तिथे आहे. राज्याच्या हद्दीबाहेरून येणाऱ्या कॉलबाबत मात्र वादाला जागा उरते, आणि कंपन्यांचे वकील ती जागा वापरतात. या कलमाच्या आधारावरच २०२२ मध्ये ओक्लाहोमाने आणि २०२४ च्या आरंभापासून मेरीलँडने फ्लोरिडाच्या धर्तीवर कायदे आणले. मेरीलँडने तर फ्लोरिडाने टाकून दिलेले ‘किंवा’च उचलले. एका राज्याने माघार घेतली म्हणून कल्पना मरत नाही, ती शेजारी जाऊन राहते.

दुसरा मुद्दा महाराष्ट्राचा, कारण कोणी तरी लवकरच विचारणार, की आपल्या विधानसभेने असा कायदा का करू नये. दूरध्वनी हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीत, ३१ व्या नोंदीत आहे. त्यामुळे मुंबईत बसून फोनबद्दल फारसे काही करता येत नाही. नियम करते ट्राय, म्हणजे केंद्राचे दूरसंचार नियामक प्राधिकरण. २०१८ चे विनियम आणि त्यांतली फेब्रुवारी २०२५ ची दुरुस्ती यांत बऱ्याच गोष्टी आहेत : जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, बँकांचे सेवाविषयक कॉल १६०० वरून, तक्रार करण्याची मुदत तीनऐवजी सात दिवस, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की नोंदणी नसलेल्या प्रेषकावर कारवाई. सेवा कंपन्यांना दोन, पाच आणि दहा लाखांचे चढते दंडही आहेत. पण १९०९ या तक्रार क्रमांकावर तक्रार केलेल्या ग्राहकाच्या खिशात यातला एक रुपयाही येत नाही. आपला माणूस तक्रारदार असतो. फ्लोरिडातला माणूस वादी असतो.

एक फट आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, दूरसंचार सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. टेलिग्राफ कायद्यातील लवादाची तरतूद आड येत नाही. नकोशा कॉलबाबत हा मार्ग कोणी नेटाने वापरून पाहावा, असे मला वाटते.

ठाणेकर

वकील साहेबांचा प्रतिसाद आवडला. तरीही आपण सर्व जण एका सोयीच्या गृहीतकावर चर्चा करत आहोत, की पलीकडे कोणी तरी कंपनी आहे आणि तिला पत्ता आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, ते इथल्या जुन्या सदस्यांना आठवत असेल. अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथली मुले अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक वाचून घेत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच जाळ्यातील ५६ व्यक्ती आणि अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांविरुद्ध आरोपपत्र उघड केले. फसवले गेलेल्यांत भारतातून गेलेले लोकही पुष्कळ होते. नवा स्थलांतरित सरकारी धमकीला लवकर घाबरतो, हे फसवणाऱ्यांना ठाऊक होते.

यांना फ्लोरिडाचा ‘किंवा’ काय करणार आणि टेक्सासची १०,००० डॉलरची हमी काय करणार? जुलै २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयात २१ जणांना शिक्षा झाली, कमाल २० वर्षांची. पण ते बहुतांशी अमेरिकेत राहून पैसे उचलणारे आणि पुढे पाठवणारे होते. फोन करणारे इकडेच राहिले.

टांपाकर

ठाणेकर, आपला आक्षेप बिनतोड आहे. गुन्हेगार आणि विक्रेता यांच्यासाठी एकच कायदा पुरणार नाही. तरी एक सुचवतो. आपण सांगितलेल्या प्रकरणात हात पोहोचला तो पैसे उचलणाऱ्यापर्यंत, कारण तो हद्दीत होता. कॉलच्या बाबतीतही हद्दीत असणारा एक दुवा असतोच : परदेशातून आलेला कॉल अमेरिकेच्या जाळ्यात पहिल्यांदा आत घेणारी वाहक कंपनी. मे २०२३ मध्ये ४८ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांच्या ॲटर्नी जनरलांनी मिळून ॲरिझोनातील अशाच एका वाहक कंपनीवर दावा लावला. ‘डू नॉट कॉल’ यादीत नोंदलेल्या क्रमांकांवर या कंपनीने ७५० कोटींहून अधिक कॉल वाहून नेले, असा त्यांचा आरोप होता. हे काम एकट्या ग्राहकाचे नाही, तिथे राज्यच हवे. मात्र सोलरवाला आणि वॉरंटीवाला यांच्यासाठी मला ग्राहकाच्या हातातला दावाच हवा.

हिशेबनीस

मावशींनी सहानुभूती दाखवली, त्याबद्दल आभारी आहे. रविवारी सकाळी फोन करणार नाही, हे वचन. बाकी, टांपाकर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुवा उघडत नसेल तर ती नोंद मी आता विकत घेत नाही. पण लीडचा भाव त्यामुळे दुपटीवर गेला, आणि तो बोजा शेवटी विमा घेणाऱ्यावरच पडतो.

एडिसनवासी

एक व्यावहारिक शंका. माझा मुलगा नुकताच फ्लोरिडात शिकायला गेला आहे, पण त्याचा क्रमांक अजून न्यू जर्सीचाच आहे. त्याला फ्लोरिडाचा कायदा लागू होतो का? आणि दावा लावायचाच झाला तर जवळ काय काय असावे?

टांपाकर

एरिया कोडचे गृहीतक फ्लोरिडाच्या क्रमांकांसाठी आहे. आपल्या चिरंजीवांना ते आयते मिळणार नाही, पण कॉल घेताना ते फ्लोरिडात होते हे दाखवता आले, तर मुद्दा मांडता येतो. भाडेकरार, विजेचे बिल, विद्यापीठाचे ओळखपत्र अशी कागदपत्रे त्यासाठी जपून ठेवावीत. उलट, इथला क्रमांक घेऊन न्यू जर्सीला परतलेल्या माणसाच्या बाबतीत तो तिथला रहिवासी आहे हे कंपनीला दाखवावे लागेल.

जवळ काय असावे, तर कॉल किंवा संदेशाची तारीख, वेळ आणि क्रमांक दिसणारे स्क्रीनचे छायाचित्र. यादीत नाव नोंदवल्याची पोच. आणि कॉल घेतल्यास कंपनीचे नाव व त्यांचा परतीचा क्रमांक. फ्लोरिडात दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय संभाषण ध्वनिमुद्रित करणे हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून तो मोह टाळावा आणि हाताने टिपण करावे. संदेशांच्या बाबतीत उत्तर ‘स्टॉप’ असेच, इंग्रजी अक्षरांत आणि आलेल्या क्रमांकावरच पाठवावे. केंद्राच्या नियमांत नकार कोणत्याही वाजवी रीतीने कळवला तरी चालतो, परंतु फ्लोरिडाचे १५ दिवस मोजले जातात ते याच उत्तरापासून. त्यामुळे ‘पुन्हा पाठवू नका’ असे सभ्य भाषेत लिहून थांबू नये. त्या उत्तराचेही छायाचित्र घ्यावे, आणि पंधरा दिवसांनंतर आलेला पहिला संदेश मुळीच पुसून टाकू नये.